जोडपानाचे वाचन : अभिव्यक्तिशील अक्षररचनेविषयी काही विचार

१

साहित्यकृतीचा विचार करताना छापील पानाचा विचार करण्याची सवय आपल्या समीक्षेला नाही. कवितेचा घाट, कथेतील निवेदन, प्रतिमांची संगती यांविषयी आपण तपशिलाने लिहितो. परंतु ती कविता किंवा कथा ज्या पानावर आपल्याला भेटली, त्या पानाचा समास किती होता, ओळी कोठे तुटल्या होत्या, शीर्षक आणि पहिली ओळ यांमध्ये किती जागा सोडली होती, याची नोंद क्वचितच घेतली जाते. पान हे नुसते भांडे आणि साहित्य हा त्यातला रस, अशी एक मूक समजूत यामागे असते. भांडे स्वच्छ असले म्हणजे पुरे, त्याच्याविषयी बोलण्याचे कारण नाही, असे आपण धरून चालतो.

डिझाइनच्या शिक्षणसंस्थांत मात्र याच पानावर विद्यार्थी कित्येक आठवडे घालवतात. मुद्राक्षरकलेच्या, म्हणजे टायपोग्राफीच्या, अभ्यासक्रमात एक ठरीव अभ्यास असतो. विद्यार्थ्याला एखादा लेख, मुलाखत किंवा कथेतील उतारा दिला जातो. आणि नियतकालिकाची समोरासमोरची दोन पृष्ठे मिळून जे जोडपान होते, ते त्याने अक्षरांच्याच साहाय्याने बोलके करावे, अशी अपेक्षा असते. चित्राचा आधार शक्यतो घ्यायचा नाही. अक्षरांचा आकार, त्यांची जाडी, पानावरील स्थान, ओळींची लांबी व दिशा आणि मोकळी जागा एवढीच सामग्री. या प्रकाराला अभिव्यक्तिशील अक्षररचना म्हणतात. मुंबईतील सर ज. जी. उपयोजित कला संस्था व अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था (दोन्ही १९६१) आणि पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक डिझाइन केंद्र (१९६९) अशा संस्थांमुळे आपल्याकडे या शिक्षणाला बैठक मिळाली.

हा अभ्यास साहित्याच्या वाचकांनी दखल घ्यावी असा आहे, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विद्यार्थी जेव्हा एखाद्या पाठाचे जोडपान रचतो, तेव्हा तो त्या पाठाचे एक वाचन प्रसिद्ध करीत असतो. कोणता शब्द मोठा करायचा, कोठे थांबायचे, काय पानाच्या तळाशी ढकलायचे, हे ठरवताना त्याने त्या पाठात प्रधान काय आणि गौण काय याचा निवाडा केलेला असतो. हे समीक्षकाचेच काम आहे. फक्त ते विधानांच्या द्वारा न होता मांडणीच्या द्वारा होते. तेव्हा अशा जोडपानाची परीक्षाही समीक्षेच्या कसोटीवर व्हायला हवी. ते किती आकर्षक आहे यापेक्षा त्याने पाठ किती खोल वाचला आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

२

या प्रश्नाला पाश्चात्त्य मुद्रणविचारात दोन टोकांची उत्तरे मिळालेली आहेत. बीट्रिस वॉर्ड या विदुषीने १९३० मध्ये लंडन येथे दिलेल्या व्याख्यानात मुद्रणाची तुलना मद्याच्या पेल्याशी केली. मद्याचा खरा जाणकार रत्नजडित सोन्याचा पेला दूर सारून पारदर्शक स्फटिकाचा पेला निवडील, कारण त्याला आतले मद्य पाहायचे असते, असा त्या रूपकाचा आशय. चांगले मुद्रण डोळ्यांना जाणवू नये, हा त्यातून निघणारा दंडक पुढील कित्येक पिढ्यांनी प्रमाण मानला.

दुसरे टोक १९९४ मध्ये दिसले. 'रे गन' या अमेरिकी संगीतविषयक नियतकालिकाचे कलादिग्दर्शक डेव्हिड कार्सन यांना ब्रायन फेरी या गायकाची मुलाखत कंटाळवाणी वाटली. त्यांनी ती संपूर्ण मुलाखत 'झाप्फ डिंगबॅट्स' या टंकात लावली. त्या टंकात अक्षरेच नाहीत. तारे, फुल्या, बाण, हात अशी चिन्हे आहेत. वाचकाला पानभर चिन्हांच्या रांगा दिसल्या. वाचता येणारा मजकूर त्याच अंकाच्या शेवटी दिला होता.

ही दोन उदाहरणे परस्परविरोधी म्हणून नेहमी सांगितली जातात. थोडे थांबून पाहिले तर त्यांत एक साम्य आढळते. पाठाचा अर्थ मांडणीच्या आधीच सिद्ध झालेला आहे, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. वॉर्डबाईंना तो अर्थ जसाच्या तसा पोचवायचा आहे, कार्सन यांना त्याच्यावर अभिप्राय द्यायचा आहे. 'कंटाळवाणे' हा अभिप्राय खराही असेल. पण तो एका शब्दात संपतो. मुलाखतीतील कोणते वाक्य पोकळ होते, कोठे गायक प्रश्न टाळत होता, कोठे नकळत खरे बोलून गेला, यांपैकी काहीही त्या पानावरून कळत नाही. पाठ न वाचताही ते पान रचता आले असते, ही त्याची मर्यादा आहे. विद्यार्थ्यांच्या कामात या पानाची छाया आजही वारंवार दिसते. त्यातील बंडखोरी उचलली जाते. तिच्यामागे एक मुरलेला, नियम जाणणारा डोळा होता, हे विसरले जाते.

३

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी, आणि अधिक सूक्ष्मपणे, झालेला आहे. संस्कृत महाकाव्यांत चित्रबंधांची रचना आढळते. भारवीच्या 'किरातार्जुनीया'चा पंधरावा सर्ग आणि माघाच्या 'शिशुपालवधा'चा एकोणिसावा सर्ग ही त्याची प्रसिद्ध स्थळे. सर्वतोभद्र, गोमूत्रिका, मुरजबंध, चक्रबंध अशा आकृतींत अक्षरे बसवलेली असतात आणि ती डावीकडून, उजवीकडून, वरून किंवा खालून वाचता येतात. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त काव्याचा विचार करताना व्यंग्य अर्थ प्रधान असलेले ध्वनिकाव्य, व्यंग्य गौण झालेले गुणीभूतव्यंग्य, आणि व्यंग्याची विवक्षाच नसलेले चित्र असा भेद केला. चित्र हे त्याच्या मते मुख्य काव्य नव्हे, काव्याची अनुकृती होय. मम्मटानेही चित्राला खालचीच पायरी दिली.

मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भारवी व माघ यांनी हे बंध युद्धवर्णनाच्या सर्गांत योजले. माघाने तर सैन्याच्या दुर्गम व्यूहांना सर्वतोभद्रादी बंधांनी बिकट झालेल्या महाकाव्याची उपमा दिली आहे. म्हणजे रचनेचा आकार आणि वर्णनाचा विषय यांत काही नाते असू शकते, याची जाण त्या कवीला होती. चित्राचा दोष आकृती काढण्यात नाही. आकृती काढून झाली की वाचकाला पुढे न्यायला तिच्याजवळ काही उरत नाही, यात तो दोष आहे.

आनंदवर्धनाचा हा भेद जोडपानाला लावून पाहिला तर विद्यार्थ्यांच्या कामाविषयीचे पुष्कळसे गोंधळ दूर होतात. अभिव्यक्तिशील म्हणून जे सादर केले जाते, त्यातील बराच भाग चित्र या वर्गात मोडतो. 'पाऊस' या शब्दाची अक्षरे थेंबांसारखी ओघळतात, 'आग' पेटलेली दिसते, 'भूकंप' तडकलेला असतो. शब्दाने जे सांगितले तेच अक्षराने पुन्हा सांगितले. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला हात बसण्यासाठी हा अभ्यास उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु तीच रीत संपूर्ण पाठाला लावली की जोडपान म्हणजे कोट्यांची मालिका होऊन बसते.

४

हे मुद्दे अमूर्त राहू नयेत म्हणून या लेखापुरता तीन वाक्यांचा एक पाठ घेऊ : विहिरीत पाणी नव्हते. तरी ती रोज दोर सोडून पाही. दोर तळाशी पोचल्याचे तिला हातांतच कळे.

हा पाठ तीन विद्यार्थ्यांपुढे ठेवला आहे, अशी कल्पना करू. पहिल्याने 'विहीर' हा शब्द दोन्ही पानांवर वर्तुळाकार मांडला, त्याच्या शिरोरेषेचा काठ केला आणि दुसरे वाक्य पीळ दिलेल्या दोरासारखे त्या वर्तुळात सोडले. पान लक्ष वेधून घेते. एका दृष्टिक्षेपात ते 'कळते', आणि कळले की संपते. ज्या तिसऱ्या वाक्यासाठी हा पाठ लिहिला गेला, ते कोपऱ्यात कसेबसे बसवले आहे. या विद्यार्थ्याने पाठातील नामे वाचली.

दुसऱ्याने आकृती टाळली. एका ओळीत एकच शब्द ठेवून त्याने संपूर्ण पाठ डाव्या पानाच्या माथ्यापासून तळापर्यंत उभा उतरवला. येथे वाचकाची नजर दोराबरोबर खाली जाते; वाचनाची क्रिया आणि पाठातील क्रिया यांचा मेळ बसतो. चित्रापेक्षा ही पायरी निश्चित वरची आहे. या विद्यार्थ्याने पाठातील क्रियापदे वाचली. तरीही तीनही वाक्ये एकाच वेगाने उतरतात. पाणी नसणे, रोज पाहणे आणि हातांत कळणे हे तीन निरनिराळे अनुभव आहेत, याची दखल त्या स्तंभाला नाही.

तिसऱ्याने पहिली दोन वाक्ये डाव्या पानाच्या वरच्या भागात, मजकुराच्या नेहमीच्या आकारात, सरळ दोन ओळींत लावली. उजवे पान त्याने वरून जवळजवळ शेवटपर्यंत मोकळे ठेवले. तळच्या समासाला टेकून तिसरे वाक्य येते, तेही त्याच आकारात. फक्त 'हातांतच' या शब्दाची जाडी किंचित वाढवली आहे. वाचक पान उघडतो, दोन ओळी वाचतो, उजवीकडे जातो आणि त्याला काही सापडत नाही. शोधत शोधत तो खाली येतो. पाठाचा विषय विहीर नाही, दोरही नाही. रोज निराशा ओळखणारा हात हा विषय आहे, हे त्याला तेथे पोचल्यावर उमगते. पानावर विहिरीचा आकार कोठेही नाही, तरी खोलीचा प्रत्यय आला. तो वाच्य नव्हता, सूचित होता. जोडपानाच्या क्षेत्रात ध्वनी म्हणता येईल तो हाच.

येथे एक आक्षेप संभवतो. मोकळी जागा सोडली की गांभीर्य येते, ही देखील एक ठरीव युक्ती झाली आहे. महागड्या वस्तूंच्या जाहिराती तिच्यावरच चालतात. आक्षेप रास्त आहे. रिकाम्या पानाला आपोआप अर्थ मिळत नाही. तिसऱ्या विद्यार्थ्याचे उजवे पान अर्थपूर्ण ठरते, ते पहिल्या वाक्यात 'नव्हते' हा शब्द आहे आणि दुसऱ्यात 'रोज' हा शब्द आहे म्हणून. पाठाने निर्माण केलेली रिकामी जागा त्याने पानावर ओळखली. पाठ बदलला, तर तीच मांडणी केवळ दिखाऊ ठरेल. म्हणूनच मांडणीच्या गुणदोषांची चर्चा पाठ बाजूला ठेवून करता येत नाही. परीक्षणाच्या वेळी विद्यार्थ्यांची जोडपाने भिंतीवर टांगून चार पावले मागून पाहण्याची जी प्रथा आहे, तिचा धोका येथे दिसतो. चार पावलांवरून आकृती दिसते, वाक्य दिसत नाही.

५

जोडपान हे वाचनाचे एकक मानण्याची कल्पना साहित्यातूनच डिझाइनमध्ये आली, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. स्तेफान मालार्मे यांची फाशांच्या फेकीविषयीची प्रसिद्ध दीर्घ कविता १८९७ मध्ये 'कॉस्मोपोलिस' या नियतकालिकात आली, तेव्हा ती कवीच्या मनातल्या रूपात छापता आली नव्हती. दोन समोरासमोरच्या पानांवर ओळी आरपार पसरलेल्या हव्यात, मधल्या शिवणीवरून त्या पलीकडे जाव्यात, शब्दांचे निरनिराळे आकार हे निरनिराळे स्वर म्हणून ऐकू यावेत, अशी त्यांची योजना होती. १८९८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या योजनेनुसार कविता १९१४ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. पुढे गीयोम अपोलिनेर यांच्या 'कॅलिग्राम्स' (१९१८) या संग्रहात पावसाच्या कवितेच्या ओळी पानावरून तिरप्या उतरल्या. मालार्मे यांच्या पानावर काही चितारलेले नाही, अपोलिनेर यांच्या पानावर पाऊस दिसतो. आनंदवर्धनाचा भेद या दोन कवींच्या मध्येही ठेवून पाहता येतो. मात्र अपोलिनेर यांच्या ओळी वाचायला संथ कराव्या लागतात आणि त्या संथपणात चित्राच्या पलीकडले काही हाती लागते, हे मान्य केले पाहिजे.

विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवावे असे विसाव्या शतकातील काम म्हणजे फ्रेंच ग्रंथरचनाकार मासँ यांनी १९६४ मध्ये गालिमार प्रकाशनासाठी रचलेली युजीन आयनेस्को यांच्या 'द बाल्ड सोप्रानो' या नावाने इंग्रजीत परिचित असलेल्या नाटकाची आवृत्ती. नाटकाचा प्रयोग पुन्हा पुन्हा पाहून, संवादांचे ध्वनिमुद्रण ऐकून मासँ यांनी प्रत्येक पात्राला स्वतंत्र टंक दिला. पुरुषपात्रे उभ्या अक्षरांत बोलतात, स्त्रीपात्रे तिरप्या. पात्रे एकमेकांना तोडून बोलू लागली की ओळी एकमेकींवर येतात. भांडण चढत जाते तसतशी अक्षरे मोठी होत पानाबाहेर जाऊ पाहतात. शांततेच्या जागी पान शांत होते. अर्थशून्य होत गेलेले संभाषण हाच त्या नाटकाचा विषय असल्यामुळे अक्षरांचा हा कल्लोळ शोभेचा राहिला नाही. मासँ यांच्या कामामागचे मुख्य साधन कान होते. पाठ ऐकल्यावाचून त्याला डोळ्यांपुढे उभा करता येत नाही, हा त्यातून मिळणारा धडा आहे.

६

हा धडा मराठीत आणताना अडचणी सुरू होतात, आणि त्या केवळ तांत्रिक नाहीत. मासँ यांची उभी व तिरपी अक्षरे रोमन लिपीच्या शतकांच्या इतिहासातून आलेली आहेत. देवनागरीला मोठी व लहान अशी दुहेरी वर्णमाला नाही. तिरप्या अक्षराची स्वतंत्र परंपरा नाही. आज संगणकावर देवनागरी अक्षर तिरके करता येते, पण ते बहुधा कलंडलेलेच वाटते. आपल्या जुन्या पोथ्यांत भर देण्याच्या रीती वेगळ्या होत्या : लाल शाईने लिहिलेली किंवा गेरूने माखलेली अक्षरे, दंड, ओळींतील विराम. पोथीची पाने सुटी व आडवी असत आणि वाचून झालेले पान वरच्या अंगाला उलटले जाई. तेव्हा डावे व उजवे पान यांचा जो संबंध जोडपानात गृहीत धरलेला असतो, तोही आपल्याला शिवलेल्या छापील पुस्तकाबरोबर मिळाला.

देवनागरीचे अक्षर शिरोरेषेला लटकते. रोमन अक्षर खालच्या अदृश्य रेषेवर उभे राहते. मोडी लिहिताना तर आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत. ही रेघ शब्दाला एकसंध ठेवते. रोमन लिपीत अक्षरांतले अंतर वाढवले तर शब्द केवळ सैल होतो. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाची मोडतोड होते. इंग्रजी नियतकालिकांतील मांडणी डोळ्यांपुढे ठेवणारा विद्यार्थी हे अंतर सहज वाढवतो आणि परिणाम पाहून गोंधळतो. परंतु याच तुटण्याला अर्थ देता येतो. अडखळत बोलणाऱ्या, दम लागलेल्या किंवा उच्चार विसरत चाललेल्या पात्राच्या तोंडी शिरोरेषा तुटली, तर ती रोमन लिपीला सहज न जमणारी गोष्ट करून दाखवते. उलट, अनेक शब्दांवरून अखंड धावणारी शिरोरेषा एका श्वासात बोलणाऱ्या माणसाचा वेग सांगू शकते.

दुसरी गोष्ट अक्षराच्या एककाची. देवनागरीत वाचनाचे एकक सुटा वर्ण नसून स्वरासह येणारे अक्षर आहे. संस्कृत चित्रबंधांचे घरही अक्षराचेच असते. खिळ्यांच्या काळात जुळाऱ्याला काना, मात्रा, जोडाक्षरे यांसाठी शेकडो खिळे हाताळावे लागत, त्यामुळे अक्षराची घडण त्याच्या बोटांत मुरलेली असे. संगणकावरील एखादे साधन शब्दाचे तुकडे करू लागले आणि त्याला या लिपीची जाण नसेल, तर वेलांटी एकीकडे व व्यंजन दुसरीकडे जाते. ऱ्हस्व इकार तर व्यंजनाच्या आधी लिहिला जातो आणि नंतर उच्चारला जातो; पानावरचा क्रम आणि कानातला क्रम येथे मुळातच वेगळे आहेत. उभ्या फळीवर 'दु', 'का', 'न' असे एकाखाली एक लिहिणारा रंगारी हे एकक अचूक जाणतो.

तिसरी गोष्ट वळणाची. मराठी छपाईतील ल आणि श यांची वळणे हिंदी छपाईतील वळणांहून वेगळी आहेत. एकच देवनागरी टंक अनेक भाषांना पुरवला जातो, तेव्हा मराठी वळण पुष्कळदा मागे पडते. शासकीय पत्रकात हे कदाचित खपेल. पण ज्या जोडपानात अक्षरांनी बोलावे अशी अपेक्षा आहे, तेथे परक्या वळणाचा ल मराठी वाचकाला परक्या उच्चारासारखा जाणवतो. आवाज उभा करायचा आणि हेल चुकवायचा, असे होऊ नये. सुदैवाने गेल्या काही वर्षांत देवनागरीचे नवे टंक मोठ्या प्रमाणात तयार झाले आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेला 'मोदक' हा टंक इतका जाड आहे की अक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा नुसत्या चिरा उरतात. साधनांची वाण पूर्वीइतकी राहिलेली नाही. ती कशासाठी वापरायची, हा प्रश्न आता अधिक धारदार झाला आहे.

७

मराठीला अभिव्यक्तिशील अक्षराची परंपरा नाही, असे मुळीच नाही. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी वृत्तपत्रांतील नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरांकने मराठी प्रेक्षकांच्या कित्येक पिढ्यांच्या स्मरणात आहेत. नाटकाचा बाज नावाच्या अक्षरांतूनच कळावा, ही त्यांची हातोटी होती. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे कवी, सुलेखनकार, टंकरचनाकार आणि शिक्षक अशा अनेक नात्यांनी अक्षराशी बांधलेले होते. जाहिरात व्यवसायात दीर्घकाळ काम केल्यावर ते पवईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकवू लागले. संगणकावर घरोघर पोचलेला 'मंगल' हा टंकही त्यांचाच. त्यांच्या अक्षरकवितांत अर्थ आणि आकार यांची सीमारेषा मुद्दाम पुसट केलेली असे. तथापि आपली ही परंपरा मुख्यत्वे शब्दाची, शीर्षकाची, एखाद्या छोट्या रचनेची आहे. सलग गद्याच्या परिच्छेदाला पानावर बोलते करण्याचे काम तिने फारसे अंगावर घेतले नाही. मराठी विद्यार्थ्याच्या जोडपानात शीर्षक देखणे आणि मजकूर मात्र निर्जीव, असे जे चित्र दिसते, त्याचे एक कारण येथे सापडते.

या संदर्भात अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'तील एक पान पुन्हा वाचण्यासारखे आहे. कोलटकरांचे शिक्षण कलाशाळेतले आणि व्यवसाय जाहिरातकलेचा. १९७६ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या आणि १९७७ चे राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळालेल्या या इंग्रजी संग्रहातील जवळजवळ सर्व कविता साध्या, डाव्या समासाला धरून छापलेल्या ओळींच्या आहेत. अखेरीकडे जेजुरी आणि रेल्वे स्टेशन यांच्या मधल्या वाटेवरची कविता येते. देवस्थानाचे गाव मागे पडते. त्याच्या ६३ पुजाऱ्यांची व तितक्याच घरांची मोजदाद होते. मग वाटेतल्या ज्वारीच्या शेतात कोंबडे-कोंबड्यांचा नाच दिसतो आणि वर-खाली या अर्थाचे चिमुकले शब्द पानभर उड्या मारू लागतात.

वरवर पाहता हे चित्रच आहे : कोंबड्या उड्या मारतात म्हणून शब्दही उड्या मारतात. मग हे पान चित्राच्या पलीकडे कसे जाते? उत्तर त्या पानाबाहेर आहे. संपूर्ण संग्रहभर निवेदक देवळे, दगड, पुजारी, आख्यायिका पाहत फिरला. त्याचा स्वर कोरडा, शोधक, अंतर राखणारा राहिला आणि त्याच्या ओळीही तशाच शिस्तीत राहिल्या. देवळात ज्या आनंदाने त्याला हलवले नाही, तो आनंद देवस्थानाची हद्द ओलांडल्यावर एका शेतात अवचित भेटतो, आणि त्याच ठिकाणी समास सुटतो. कवितेत हे कोठेही विधानरूपाने सांगितलेले नाही. विस्कटलेल्या मांडणीने ते सूचित केले. आधीची पाने शांत नसती, तर हे पान नुसती गंमत ठरले असते. मुद्राक्षरकला व्यवसाय म्हणून जाणणाऱ्या कवीने आपली कला इतक्या काटकसरीने वापरावी, यात विद्यार्थ्यांसाठी मोठा धडा आहे. अभिव्यक्तीला शांत पार्श्वभूमी लागते. प्रत्येक शब्द ओरडू लागला की कोणाचेच ऐकू येत नाही.

८

या विवेचनातून जोडपानाच्या परीक्षणासाठी काही प्रश्न हाती लागतात. मांडणी पाहिल्यानंतर पाठ पुन्हा वाचावासा वाटतो का? मांडणीने पाठातील असे काही दाखवले का, जे साध्या छपाईत नजरेतून सुटले असते? मांडणी तशीच ठेवून दुसरा मजकूर तेथे घातला, तर ती तितकीच शोभेल का? शोभत असेल, तर ती या पाठाची नव्हे. आणि शेवटी, मांडणीने उभा केलेला आवाज त्या भाषेचा, त्या लिपीचा आहे का?

हे प्रश्न विचारायचे तर परीक्षकालाही पाठ वाचावा लागेल, आणि अडचण नेमकी येथे आहे. आज डिझाइन शिकणाऱ्या मराठी मुलांपैकी अनेकांचा मराठी गद्याशी संबंध शाळेबरोबर संपलेला असतो. पाठ निवडायला सांगितले की हात इंग्रजीकडे जातो. मराठी पाठ घेतलाच तर तो आकार म्हणून हाताळला जातो. दुसरीकडे साहित्याचे विद्यार्थी पाठ बारकाईने वाचतात, पण पान पाहायला शिकत नाहीत. एकाला वाक्य दिसत नाही, दुसऱ्याला पान दिसत नाही. या दोघांना एका टेबलावर बसवून एकच उतारा दिला, तर दोघांच्याही शिक्षणातली मोठी उणीव भरून निघेल. त्यासाठी नवी यंत्रे नकोत, नवे टंकही नकोत. एक उतारा, दोन कोरी पाने आणि पुरेसा वेळ पुष्कळ झाला.

विहिरीच्या पाठातील ती बाई दोर सोडून तळ ओळखते, तो हाताने. जोडपान रचणाऱ्याचा हात तितका जाणता झाला, तर पाठात पाणी आहे की नाही हे त्याला पान रचता रचताच कळू लागेल. आणि ज्याला ते कळले, तो उत्तम वाचक झालेला असेल. उत्तम रचनाकार तो त्यानंतर होईल.